आईला खिडकी, शंभर टक्के!

मी एकदा नियम वाचले की वाचले! मग ते शाळेचे असोत, लायब्ररीचे असोत, नाहीतर विमान कंपनीचे. यंदा नववीत मी वर्गाची मॉनिटर झाले, तेव्हापासून तर माझा आत्मविश्वास असा फुगलाय की आमच्या गल्लीत मावत नाही. एक्कावन्न पोरांची रांग मी नुसत्या भुवईने सरळ करते! तिथे आई-बाबांना विमानात बसवणं म्हणजे काय हो, हातचा मळ!

झालं असं, की लांबच्या एका थंडगार शहरात नोकरीला लागलेल्या माझ्या ताईने फर्मान सोडलं, "चार दिवस माझ्याकडे या. विमानाने या. आणि तिकिटं मी काढू का? बटणला नाही जमायचं."

बटण म्हणजे मी. बाबा शिंपी आहेत आणि मी घरात सगळ्यात लहान, गोल आणि सगळ्यात जास्त हरवणारी. म्हणून बटण.

"नाही जमायचं?" मी फोनवरच ओरडले. "ताई, तू बघच! तिकिटं मी काढणार, एक रुपया जास्तीचा न भरता! आणि वर आईला खिडकी देणार. शंभर टक्के!"

पलीकडून ताई हसली. इकडे भाजी चिरणाऱ्या आईची सुरी मात्र थांबली.

"खिडकी? मला?"

तुम्ही म्हणाल, एका खिडकीचं काय एवढं! पण माझी आई बसमध्ये कंडक्टर आहे. अठरा वर्षं! या अठरा वर्षांत तिने किती हजार लोकांना खिडकीपाशी बसवलं असेल, देव जाणे. स्वतः मात्र कायम मधल्या वाटेत उभी, एक हात दांडीला, एक हात तिकिटांना. तिची एक सीट असते म्हणा दारापाशी, पण तिच्यावर कायम कुणाची तरी पिशवी बसलेली असते. आणि विमान तर आमच्यापैकी कुणी आतून पाहिलेलंच नव्हतं.

"मला ना, वरून ढग बघायचेत," आई सुरीकडे बघत म्हणाली. "पण नसेल जमत तर राहू दे हं."

राहू दे? मॉनिटर असताना?

मी त्या स्वस्तातल्या कंपनीचे नियम छापून भिंतीवर चिकटवले. पूर्वी म्हणे त्यांच्याकडे सगळं सोपं होतं, आत जा आणि रिकामी जागा पकडून बसा. आता सगळं बदललं होतं. सीट आधीच ठरणार. आवडीची हवी असेल तर वेगळे पैसे. स्वस्त तिकीटवाल्यांना कंपनी देईल ती सीट. बॅग एकच, तीही सीटखाली मावणारी, नाहीतर दंड. आणि चढायचं गटागटाने, एक ते आठ.

"आपण कितव्या गटात?" बाबांनी विचारलं.

"आठव्या."

"म्हणजे पहिले?"

"म्हणजे शेवटचे, बाबा."

पण माझ्याकडे युक्ती होती! उड्डाणाच्या बरोबर चोवीस तास आधी सीटवाटप सुरू होतं. जो पहिला बटण दाबेल, त्याला चांगली सीट मिळत असणार, हा माझा स्वतःचा शोध. मी घड्याळ लावून, अंगठा फोनवर रोखून, मांजर उंदराच्या बिळापाशी बसतं तशी बसले. सेकंद भरला आणि दाबलं! आल्या सीट! एकोणीस बी, तेवीस ई आणि सात बी. तिन्ही मधल्या. तिघांच्या तीन दिशांना. एकसुद्धा खिडकीपाशी नाही!

"मिळाली का गं?" आतून आईचा आवाज आला.

"मिळतेय, मिळतेय!" मी म्हटलं. आता हे खोटं नव्हतं. हा आत्मविश्वास होता.

बॅगेची तयारी तर मी आधीच केली होती. बाबांनी पँटच्या जाड कापडाच्या तीन बॅगा शिवल्या, आणि मी फ्रिजच्या खोक्यातून कंपनीने सांगितलेल्या मापाचा डबा कापून चिकटवला. विमानतळावर असाच एक सांगाडा असतो, त्यात बॅग बसली की पास! जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक लावून आमची रंगीत तालीम झाली. आई चढली, बाबा चढले आणि बॅगा डब्यात घातल्या. बसेनात! ताईसाठी शिवलेला कोट, चार स्वेटर, दोन शाली... बॅगा गर्भार म्हशींसारख्या दिसत होत्या.

"सामान कमी करा!" मी कडक आवाजात बजावलं आणि शाळेत गेले.

संध्याकाळी येऊन बघते तर काय! तिन्ही बॅगा डब्यात लोण्यात सुरी जावी तशा जात होत्या.

"वा! याला म्हणतात शिस्त!" मी बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबा खाली बघून मिशीतल्या मिशीत हसले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मॉनिटर लोक शंका घेत नाहीत, शंका निरसन करतात.

विमानतळावर तपासणीत बाबांच्या खिशातली छोटी कात्री काढून घेतली. बाबांचा चेहरा असा झाला, जणू बोटच काढून घेतलंय. तीन सेफ्टी पिना आणि कॉलरच्या आत टोचलेली दोऱ्याची सुई मात्र तपासणाऱ्यांनी जाऊ दिली.

गेटवर आलो. गट एक गेला, गट दोन गेला. आई अस्वस्थ!

"ही काय पद्धत आहे का?" ती कुजबुजली. "पुढच्या जागांवाले आधी सोडले, आता मागचे यांच्या डोक्यावरून जाणार का? मला दोन मिनिटं द्या, मी चढवते सगळ्यांना!"

"आई, प्लीज. तू आज पॅसेंजर आहेस."

"अठरा वर्षांत पहिल्यांदा," आई म्हणाली आणि तिने पदराने तोंड पुसलं. "बटण, खिडकी आहे ना नक्की?"

"अगं हो गं!" मी ठोकून दिलं. ई आणि बी कुठे असतात हे आईला माहीत नव्हतं, आणि मला सांगायचं नव्हतं. गेटवरच्या मॅडमना विनंती करायची, पाया पडायचं, रडायचं, असं सगळं मी मनात क्रमाने लावून ठेवलं होतं.

आठवा गट आला. मॅडमनी सांगाड्याकडे बोट केलं, "बॅग घाला."

मी ऐटीत घातली. अर्धी गेली आणि अडकली! ढकलली. हलेना. गुडघा लावला, तर सांगाडाच सरकायला लागला!

"मोठी आहे," मॅडम म्हणाल्या. "तिन्ही मोठ्या दिसतायत. दंड भरा."

"अशक्य!" मी किंचाळले. "घरी आमच्या डब्यात बसली होती! माप मी स्वतः घेतलंय! बाबा, सांगा ना यांना!"

बाबा बुटांकडे बघत होते.

"बाबा?"

"ते काय झालं," बाबा हळूच म्हणाले, "तू शाळेत गेलीस ना, तेव्हा मला वाटलं, डबा जरा घट्ट झालाय. म्हणून मी एका बाजूने उसवला आणि दोन इंच पट्टी जोडली."

"डबा मोठा केलात?"

"मग! गिऱ्हाइकाला सदरा होईना, तर मी गिऱ्हाईक कापतो का? सदराच सैल करतो!"

मागच्या रांगेतून कुणीतरी खो खो हसलं. आईने कपाळावर हात मारला. "अहो, तो सदरा होता का? ते माप होतं, माप!"

"तीस वर्षांची सवय आहे गं."

"गेट बंद व्हायला दहा मिनिटं आहेत," मॅडम म्हणाल्या.

आणि मग माझे बाबा पेटले! "आई-बटण, कपडे काढा!" ते गरजले. सगळं गेट चपापलं. "बॅगेतले, बॅगेतले!" त्यांनी घाईघाईने सुधारलं. पाच मिनिटांत आईने चार स्वेटर एकावर एक चढवले, मी ताईचा कोट आणि त्यावर शाल, आणि बाबांनी उरलेलं सगळं. रिकाम्या झालेल्या बॅगांच्या कडा बाबांनी आत दुमडल्या आणि एकेक पिन अशी टोचली की बॅगा एकदम बारीक! टक! सांगाड्यात बसली. टक! दुसरी. टक! तिसरी. रांगेने टाळ्या वाजवल्या! आई मात्र इतकी गोल झाली होती की तिचे हात खाली येईनात. पेंग्विनसारखी उभी.

मॅडमनाही हसू फुटलं. हसताना त्यांनी हात वर केला आणि बाबांची नजर त्यांच्या बाहीवर गेली. बाहीची दुमड सुटलेली होती आणि ती चक्क स्टेपलरने जोडलेली!

"अरेरे!" बाबा कळवळले. "कापडाला स्टेपल? थांबा, हलू नका."

"अहो काका, वेळ नाही..."

पण कॉलरमधली सुई बाहेर आली होती. आठ टाके, दाताने दोरा तोडला, बाही नवीकोरी! मॅडम बाहीकडे बघतच राहिल्या. हाच क्षण! मी पुढे सरकले आणि एका दमात सांगितलं. आई कंडक्टर, अठरा वर्षं उभी, ढग, मी दिलेला शब्द, तीन मधल्या सीट, सगळं!

मॅडमनी आईकडे पाहिलं आणि मग स्क्रीनकडे. "अकरा ए खिडकीची आहे, रिकामीच राहिलीय. घ्या काकूंना."

"रिकामी? खिडकी असून?"

"ती नेहमी राहते शेवटपर्यंत. का कोण जाणे, लोक घेतच नाहीत."

वेडे लोक! मी मनात म्हटलं. नियम वाचत नाहीत, दुसरं काय! मी आईला मिठी मारली, म्हणजे पहिल्या दोन स्वेटरांपर्यंत पोचले.

आत गेलो तर वाट तुंबलेली. पाच जण बॅगा डोक्यावर धरून उभे, दोघे उलटे येतायत, एक चष्मेवाले गृहस्थ बॅग वर चढवायला धडपडतायत. हवाई सुंदरी मागे अडकून "एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी" करतेय. आईने एक खोल श्वास घेतला. मी म्हटलं, "आई, नको..."

"चलाऽऽ पुढे सरका!" तो आवाज थेट शेपटीपर्यंत गेला. "मधे थांबायचं नाही! ज्याची जागा आली त्याने आत व्हा! निळा शर्ट, आत! ताई, पर्स मांडीवर! आजोबा, तुम्ही बसा, बॅग मी देते वर!"

दोन मिनिटांत वाट मोकळी! हवाई सुंदरी थक्क. "मॅम, तुम्ही आमच्याकडेच आहात का?"

"नाही गं बाई," आई लाजली. "मी खिडकीवाली आहे."

आणि आम्ही अकराव्या रांगेपाशी पोचलो.

दहाव्या रांगेला खिडकी होती. बाराव्या रांगेला खिडकी होती. अकराव्या रांगेला... भिंत होती. सपाट, पांढरी भिंत, आणि तिच्यावर एक गोल स्क्रू!

आई चारी स्वेटरांसकट आत सरकली. बसली. भिंतीवरून तळहात फिरवला. वर, खाली, कडेला.

"बटण, ही उघडायची कुठून?"

"आई... खिडकी... नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"सीट खिडकीची आहे. पण खिडकी नाहीये."

मागून बाबा वाकून बघत होते. त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि उसासा सोडला. "कात्री असती ना आत्ता माझ्याकडे..."

तेवढ्यात पुढचे ते चष्मेवाले गृहस्थ उठले. त्यांचीच बॅग आईने वर चढवली होती. "बाई, तुम्ही इथे या. माझी खिडकी घ्या."

घे ना आई! मी मनातल्या मनात ओरडले. पण आईने मान हलवली.

"नको हो. ज्याचं तिकीट त्याची जागा. अठरा वर्षं लोकांना हेच सांगून भांडतेय, आता स्वतःच मोडू?" मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे भरून आले असावेत, कारण ती एकदम हसली. "जा, बस जा तुझ्या जागेवर. वाटेत उभी राहू नकोस, ट्रॅफिक अडतो."

मी तेविसाव्या रांगेकडे निघाले. मागे वळून पाहिलं, तर आईने सवयीने हात वर करून डोक्यावरच्या कप्प्यावर दोनदा वाजवलं. टक टक! बसला डबल बेल देतात तशी. आणि तुमची शप्पथ, त्याच क्षणी विमान हललं! अख्खं विमान हसलं!

त्यानंतर दोन तास मी दोन झोपाळू काकांच्या मधे, ताईच्या कोटात उकडत, मान लांब करून बाराव्या रांगेच्या पुढे बघायचा प्रयत्न करत होते. दिसत होता फक्त आईचा अंबाडा. तो भिंतीकडे कललेला होता आणि हलत नव्हता. रडत असेल का? मला खरंच वाईट वाटत होतं हो! यापेक्षा ताईने तिकिटं काढली असती तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ताईला सांगू नका!

उतरलो. बाहेर ताई हात हलवत उभी होती. आम्हा तिघांना स्वेटरांत गुंडाळलेलं बघून ती आधी ओळखेचना! मग धावत आली आणि पहिलाच प्रश्न, "आई, खिडकी मिळाली? काय दिसलं?"

मी बुटाची लेस बांधायला वाकले. बुटाला लेस नव्हती.

"मिळाली तर!" आई म्हणाली. आवाज असा ताजातवाना, जणू आठवडाभराची झोप झालीय. "अकरा ए! अगं, काय सांगू! सगळं पांढरंशुभ्र! या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक डाग नाही! शेवटपर्यंत तेच!"

"ढग!" ताई हरखली. तिने चक्क माझी पाठ थोपटली. "मानलं तुला, बटण!"

मी सरळ उभी राहिले. छाती पुढे काढली. आता काहीतरी बाणेदार बोलणार, इतक्यात ताईने आईचा चेहरा जवळून पाहिला.

"पण आई, तुझ्या गालावर हा गोल स्क्रूचा ठसा कसला गं?"