तलफेची इर्जिक

आमच्या गावात एकाची तलफ दुसऱ्याला आपल्या अंगावर घेता येते. त्यासाठी ग्रामपंचायतीत छापील अर्ज मिळतो. तलफ देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, दोघांचे नाते, खाली सरपंचाची सही. सही झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता तलफ नव्या माणसाकडे जाते आणि देणारा सुटतो.

मी इथला ग्रामसेवक. हे अर्ज मी नोंदवून घेतो.

सोमवारी रुक्मिण आघाव अर्ज घेऊन आली. तिचा नवरा भास्कर ऊसतोडीला जायचा. मोळ्या वाहून पाठ गेली, तेव्हा दुखण्यावर पिवळी गोळी सुरू झाली. पाठ बरी झाली, गोळी राहिली. आता दिवसाला चौदा लागत होत्या. त्याने दोनदा सोडून पाहिल्या आणि दोन्ही वेळा तलफेने त्याला फेफरे आणले. गोळी चालू राहिली तर तो महिनाही काढणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते.

सरपंच मुक्ताबाई सोळंके यांनी अर्ज दोनदा वाचला.

"घेणारी तूच?"

"मग काय शेजारीण घेईल, मामी?"

"लेकरं?"

"दोन. माझी आई बघंल त्यांच्याकडं. तुम्ही सही करा."

मुक्ताबाईंनी पेन उचलले आणि माझ्याकडे पाहिले. आदल्या वर्षी माझ्या पत्नीने तिच्या भावाची तलफ घेतली होती. भाऊ आता परभणीला दुकान चालवतो. पत्नीच्या नोंदीपुढे 'मयत' असा शेरा आहे. तो मीच लिहिला. त्या अर्जावरही सही मुक्ताबाईंचीच होती.

"नाही केली तर तो जातो, केली तर ही जाते," त्या म्हणाल्या. "भाऊसाहेब, घेणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव लागतं का?"

"ओळ एकच आहे. पण पुरवणी जोडायला मनाई नाही."

त्यांनी पेन खाली ठेवले आणि मंगळवारी ग्रामसभा लावली.

कुणाचे शेत नांगरायचे राहिले, तर आमच्याकडे सगळे आपापले बैल घेऊन जातात, एका दिवसात नांगरून देतात, आणि शेतमालक सगळ्यांना जेवू घालतो. याला इर्जिक म्हणतात. मुक्ताबाईंनी सभेपुढे भास्करच्या तलफेची इर्जिक मांडली.

"तलफ काय भाकर आहे का, मोडून वाटायला?" लिंबाजी केंद्रे उभे राहिले. "ज्यानं गोळ्या खाल्ल्या त्यानं भोगावं."

"मोळ्या वाहताना तुमच्याच टोळीत होता ना तो?" मागून एक बाई म्हणाली. "पहिली गोळी कुणी दिली, मुकादम?"

लिंबाजी खाली बसले.

धोंडीतात्यांनी हात वर केला. "माझ्या अंगात तंबाखूची हायेच साठ वर्षं. तिच्या सोबतीला ही एक राहील."

"स्वतःची तलफ असेल त्याला दुसऱ्याची देता येत नाही, तात्या," मी म्हणालो.

"एवढं व्यसन केलं, त्याचाबी उपेग नाही," तात्या पुटपुटले.

मग लिंबाजींनी बसल्या जागेवरून विचारले, "आणि आमच्यातल्या एखाद्याला तिची गोडी लागली तर? आज एक बिघडलाय. उद्या धडधाकट माणूस तुमच्यामुळं बिघडला तर, सरपंचबाई?"

मुक्ताबाईंनी पुरवणीचा कोरा कागद पुढे ओढला.

"ही भीती मलाही आहे," त्या म्हणाल्या. "रात्रभर तेच घोळतंय. तसं झालं तर त्याची तलफ मी एकटी घेईन. भाऊसाहेब, ठरावात लिहा. आणि जबरदस्ती कुणावर नाही. अठराच्या आतलं कुणी नाही, पोटुशी बाई नाही."

मी लिहिले. पुरवणीवर चारशे बारा नावे आली. लिंबाजींचे तिसरे होते. नात्याच्या रकान्यात काय लिहावे, असे मी विचारले. मुक्ताबाई म्हणाल्या, "गाववाले लिहा." मग त्यांनी सही केली.

बुधवारी चार वाजता मी कार्यालयातच होतो. माझ्या वाट्याची आली. जिभेच्या मुळाशी कडू ओल सुटली, तळहातांना घाम आला, आणि जे कधी खाल्ले नव्हते ते आत्ता हवे, याच मिनिटाला हवे, असे वाटले. मी टेबलाची कड धरली. समोर मुक्ताबाईंनी डोळे मिटले होते. दहा-बारा सेकंदांत तलफ गेली.

माझ्या पत्नीने हे सगळे एकटीने घेतले होते. पाणी प्यायलो आणि आवक नोंदवही पुढे ओढली.

साडेचारला रुक्मिण पळत आली. "झोपलाय," ती म्हणाली. "घोरतोय, मामी." मुक्ताबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदराने तोंड पुसले.

रविवारी जेवण झाले, पिठले-भाकरी आणि ठेचा. भास्कर स्वतः वाढत होता. घाईघाईत पिठले पत्रावळीबाहेर सांडत होते. लोक ते भाकरीने टिपून घेत होते.

महिन्याभरात गावातल्या उरलेल्या दहा व्यसनी माणसांचेही अर्ज पुरवणीसह आले. वाटा रोज चारलाच येतो. वाटे वाढले, तशी वेळ वाढली. आता रोज चार वाजता दोन मिनिटे लागतात. मुक्ताबाई दर शनिवारी घरोघर जाऊन कुणाला गोडी लागली का, ते विचारतात. अजून तशी नोंद नाही.

चारची एसटी फाट्यावर येते, तेव्हा सगळे जिथल्या तिथे उभे असतात. काहींचा एक पाय पायरीवर असतो. कंडक्टर बाहेरगावचा आहे. तो दांडी धरून थांबतो.

"झालं का?" तो विचारतो.

"झालं," कुणीतरी म्हणते. लोक चढतात आणि तो घंटी मारतो.