सव्वीस थांब्यांचं कारस्थान

माझ्याबद्दल लोक काय बोलतात हे मला माहीत नाही, कारण मी खोलीत शिरलो की ते बोलायचे थांबतात. दरारा म्हणतात तो हाच. मी गुप्तहेर आहे. परवाना, कार्यालय आणि अशील या तीन किरकोळ गोष्टी सोडल्या, तर मोठ्यात मोठ्या गुप्तहेरापाशी जे असतं ते सगळं माझ्यापाशी आहे. भिंग आहे, वही आहे, आणि समोरच्याच्या चपलांकडे बघून 'हं' म्हणायची हातोटी आहे. निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं मी बस आगारात हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे बसलो. नुसती छत्री बघून मी मालकाचं वय, धंदा आणि स्वभाव सांगत असे. मालक यायचा तो वेगळाच निघायचा. पण तो छत्रीही भलतीच उचलून न्यायचा, त्यामुळे माझं अनुमान शेवटपर्यंत कुणाला खोडून काढता आलं नाही.

अशा माणसाला बायकोने मोटरहोमच्या प्रवासाचा आराखडा करायला बसवलं. मी कुरकुरलो नाही. मोठी माणसं लहान कामंही करतात, विशेषतः बायको समोर उभी असली तर.

प्रवास सासूबाईंसाठी होता. सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या. चाळीस वर्षं शिवणकामाचे वर्ग घेऊन त्यांची पाठ आणि गुडघे दोन्ही कामातून गेलेले. बसमध्ये तासभरसुद्धा बसवत नाही. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे बायकोची मावशी, नऊशे किलोमीटरवर राहायची. सहा वर्षांत दोघींची भेट नव्हती. आता मावशी घर विकून कायमची परदेशी, मुलीकडे निघाली होती. गुरुवारी पहाटे तिचं विमान. म्हणून आम्ही आधीच्या शुक्रवारपासून मोटरहोम भाड्याने घेतलं होतं. त्यात पलंग होता, तेव्हा सासूबाईंना पडल्यापडल्या जाता येणार होतं. गाडी चालवणार होता मेहुणा.

मेहुणा टेम्पो चालवतो. त्याचं म्हणणं होतं, रस्ता सरळ आहे, आराखडा कशाला? पण मेहुण्याच्या नावावर एक कमान आहे. ती पूर्वी एका बाजाराच्या तोंडाशी होती. आमची गाडी तीन मीटर दहा सेंटीमीटर उंच, म्हणून रस्ता नीट आखल्याशिवाय चाक हलणार नाही असं बायकोने जाहीर केलं.

मी साक्षीदार तपासायला घेतले. पहिला साक्षीदार फोनमधला नेहमीचा नकाशा. त्याला गाडीची उंची सांगायची सोयच नव्हती, आणि त्याने आम्हाला ज्या पुलाखालून पाठवलं त्याखालून आमची फक्त खालची निम्मी गाडी गेली असती. दुसरं ट्रकवाल्यांचं अ‍ॅप. त्याला उंची, लांबी, वजन सगळं कळायचं, पण आत माणसं आहेत हे काही केल्या पटेना. 'माल ज्वालाग्राही आहे का?' असं त्याने विचारलं. मी सासूबाईंकडे बघून 'कधीकधी' हा पर्याय शोधला, तो नव्हता. तिसरं मुक्कामाच्या जागा सांगणारं. पाणी कुठे भरायचं, सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करायची, वीज कुठे जोडायची, सगळं त्यात होतं, आणि खाली लोकांचे अभिप्राय. एकाच जागेबद्दल एकाने 'स्वर्ग' लिहिलं होतं आणि दुसऱ्याने 'डास'. मग मी कागदी नकाशा उघडला. तो मिटायला मात्र कुणालाच जमलं नाही. अजून तो आमच्या दिवाणखान्यात पसरलेला आहे.

शेवटी मी चौथं अ‍ॅप निवडलं. त्यात गाडीची मापं एकदा भरली की ते कमी उंचीचे पूल टाळायचं, पाणी-वीज दाखवायचं, आणि थांब्यांची एक यादी करून द्यायचं. ज्याच्या फोनवर अ‍ॅप असेल त्याला ती यादी दिसायची आणि तळाशी पोचायची वेळ. निवड मी केली हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण या प्रकरणात माझ्या हातून नीट झालेलं एवढंच.

यादीत चार थांबे होते: पाणी, रात्रीचा मुक्काम, सांडपाणी, मावशीचं घर. शुक्रवारी सकाळी निघायचं, शनिवारी संध्याकाळी पोचायचं. सासूबाईंनी बोटांवर दिवस मोजले आणि त्या दिवशी जेवताना दोनदा वाढून घेतलं.

सोमवारी सकाळी मी टॅबलेट घेऊन यादी तपासायला बसलो. नोंदवही तपासायची माझी पद्धत आगारात प्रसिद्ध होती. ओळीवर बोट ठेवायचं, ती ओळ मनात तीनदा वाचायची, मगच खालच्या ओळीवर जायचं. पहिली तपासणी संपली आणि मी चष्मा पुसला. यादीत सात थांबे होते.

बटणांचं संग्रहालय. घड्याळाचा मनोरा. मधमाशांचा मळा. यांतलं एकही आम्ही टाकलेलं नव्हतं. मी खात्री करून घ्यायला यादी पुन्हा ओळीओळीने तपासली, तर नवव्या जागी 'जगातली सर्वांत उंच खुर्ची' येऊन बसलेली. पोचायची वेळ रविवार दुपारवर गेली होती.

"यादीत कुणीतरी हात घालतंय," मी बायकोला म्हणालो.

बायको डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. ती म्हणाली, "मग पुसून टाका ते."

पुरावा पुसून टाका म्हणे. मी तिला समजावलं की गुन्हेगार पकडल्याशिवाय पुसण्यात अर्थ नाही, तो परत टाकेल. तिने ऐकलं नाही, सगळं पुसलं आणि टॅबलेट माझ्या हातात दिला. नीट पुसलंय की नाही हे मी बारकाईने तपासलं. दुपारपर्यंत अकरा थांबे झाले होते. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच तिला माझं म्हणणं पटल्यासारखं दिसलं. लग्नानंतर हे क्वचित घडलंय, म्हणून तपासाची दिशा बरोबर आहे असं मी धरून चाललो.

पहिला संशय सांकेतिक भाषेचा. बटण, घड्याळ, मधमाशी, खुर्ची यांची पहिली अक्षरं जोडली तर 'बघमखु'. उलटं वाचलं तर 'खुमघब'. दोन्ही नावांचा एकही गुन्हेगार आमच्या ओळखीत नव्हता.

दुसरा संशय मेहुण्यावर. यादीत टायरच्या दुकानाशेजारचा एक धबधबा आला होता, आणि मेहुण्याला टायरचं वेड आहे. मी त्याला खुर्चीत बसवून दिवा त्याच्या तोंडावर वळवला. तो म्हणाला, "भावोजी, मला ते अ‍ॅप उघडतासुद्धा येत नाही." मी त्याचा फोन तपासला. त्यात अ‍ॅप नव्हतंच, टायरचे मात्र चारशे फोटो होते. त्याला सोडून द्यावं लागलं.

तिसरा संशय मोटरहोमच्या मालकावर. जितके थांबे जास्त तितके दिवस जास्त, हे शेंबडं पोरही सांगेल. मंगळवारी मी त्याच्या आवारात गेलो. तो एका गाडीखाली उताणा पडून सांडपाण्याचा नळ घट्ट करत होता. मी त्याच्या चपलांकडे बघून 'हं' म्हणालो. तो बाहेर न येताच म्हणाला, की त्याची गिऱ्हाइकं तळ्यापर्यंत जातात, फोटो काढतात आणि पाऊस आला म्हणून परत येतात. नऊशे किलोमीटर जाणारे आम्हीच पहिले, आणि मला वेळ असेल तर तेवढा पाना द्यावा. मी पाना दिला. तीन पाने द्यावे लागले, कारण पहिले दोन चुकीचे होते.

बुधवारी मी सापळा लावला. टॅबलेट टेबलाच्या मधोमध ठेवला, दार लावून घेतलं, आणि दर अर्ध्या तासाने यादी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट ठेवून तपासली. खोलीत माझ्याशिवाय कुणी आलं नाही. संध्याकाळी यादीत सव्वीस थांबे होते. माझ्या डोळ्यांदेखत, बंद खोलीत, पंधरा नवे थांबे! मी वहीत लिहिलं, 'गुन्हेगार अदृश्य, अत्यंत धूर्त, आणि माझ्या हालचालींवर त्याची बारीक नजर आहे.'

पोचायची वेळ आता पुढच्या बुधवारी रात्री साडेअकरा अशी दिसत होती. पहाटे मावशी विमानतळावर जायची. म्हणजे भेट व्हायची ती दारातच, तीही ती बॅगांना कुलूप लावत असताना.

आणि मग मी तो चौथा संशय बोलून दाखवला. सगळे स्वयंपाकघरात होते. मी म्हणालो, की कदाचित हा प्रवास होऊ नये असं ज्यांना मनातून वाटतंय, त्यांचंच हे काम असेल. वयोमानाने माणसाला प्रवास नको होतो, पण तसं सांगवत नाही. मी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, त्या खोलीत एक्याऐंशीचं दुसरं कुणी नव्हतं.

बायकोने हातातलं झाकण खाली ठेवलं. सासूबाई खुर्चीला धरून उठल्या. मग म्हणाल्या, "राहू दे मग. फोनवर बोलेन मी तिच्याशी. फोनवरही चांगलं ऐकू येतं."

आणि त्या हळूहळू, भिंतीला धरत, आपल्या खोलीत गेल्या. मेहुणा माझ्याकडे बघेना. बायको बघत होती, आणि ते जास्त वाईट होतं. मी आयुष्यात बऱ्याच चुका केल्या आहेत, पण त्या वेळी वाटली तेवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

थोड्या वेळाने मी त्यांच्या दाराशी गेलो. माफी मागायची होती, पण त्यांनीच खुर्ची दाखवली. पलंगावर त्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. त्यातलं एक पातळ त्या बाहेर काढत होत्या.

"आई, माझं चुकलं," मी म्हणालो.

"असू दे. ती यादी आहे ना हातात? वाचून दाखवा. काय काय बघायचं राहणार आहे ते तरी कळू दे."

मी त्यांच्या शेजारी बसलो, टॅबलेट मांडीवर घेतला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागलो. पाण्याचा थांबा. बटणांचं संग्रहालय. सासूबाई ऐकत होत्या, पण बघत होत्या माझ्या हाताकडे. तिसऱ्या ओळीवर त्या म्हणाल्या, "थांबा. बोट उचला."

मी उचललं.

"किती झाले?"

"सत्तावीस," मी म्हणालो. "मघाशी सव्वीस होते. बघितलंत? तो अजून कामावर आहे."

"आता परत ठेवा बोट. आणि मी सांगेपर्यंत काढू नका."

मी ठेवलं. मनात तीन अंक मोजून होतात न होतात तोच यादी हलली आणि माझ्या बोटाखाली एक नवीन ओळ उगवली. मातीच्या भांड्यांचं उद्यान. अठ्ठावीस.

सासूबाईंनी पातळाची घडी परत पिशवीत ठेवली. "चाळीस वर्षं मी पोरींची बोटं बघितली जावईबापू," त्या म्हणाल्या. "मशीन बिघडलं, मशीन बिघडलं म्हणून सगळ्या ओरडायच्या. मशीन चांगलंच असायचं."

हाक ऐकून आलेल्या बायकोने अ‍ॅपच्या सूचना उघडल्या. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: थांब्यावर बोट दाबून धरा, जवळचं प्रेक्षणीय स्थळ यादीत येईल. ते पान मीही वाचलं होतं. कागदाला धमकीच्या पत्राचा वास येतो का एवढंच बघायला वाचलं होतं, आणि तेही पडद्यावर. चोवीस थांबे पुसायला बायकोला दोन मिनिटं लागली. मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हात मागे बांधून उभं केलं होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. अ‍ॅपने दोन बुटके पूल टाळले. दोन्ही वेळा मेहुण्याने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. वळणावर कपाटातल्या थाळ्या वाजायच्या आणि पलंगावरून सासूबाई विचारायच्या, "किती राहिलं?" यादी वाचायचं काम बायकोकडे होतं. मला पाण्याची नळी दिली होती.

शनिवारी संध्याकाळी सव्वासहाला पोचलो. मावशी दारात उभी होती आणि तिच्यामागचं घर रिकामं होतं. खुर्च्या गेल्या होत्या, पलंग गेला होता, भिंतींवर तसबिरींच्या जागा तेवढ्या उजळ राहिल्या होत्या. दोघी बहिणी बराच वेळ एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, आणि मग बसायला जागा नाही म्हणून मावशीच गाडीत चढली. ती उतरलीच नाही. आम्ही तिघं रिकाम्या घरात सतरंजीवर झोपलो आणि त्या दोघी दारात उभ्या असलेल्या मोटरहोममध्ये राहिल्या. साडेचार दिवस. आम्ही डबे नेऊन द्यायचो, धुवायला परत आणायचो.

शेवटच्या दिवशी, बुधवारी दुपारी, मी परतीसाठी टाकीत पाणी भरत होतो. टाकीचं तोंड नेमकं खिडकीखाली, आणि खिडकी अर्धी उघडी. गुप्तहेराला याहून सोयीची जागा मिळत नाही. आत हसणं चाललं होतं. शाळेतल्या कुठल्याशा बाईंची नक्कल असावी. मग हसणं थांबलं आणि मावशीचा आवाज आला, "ताई, आता परत कधी गं?"

सासूबाईंचं उत्तर मला ऐकायचं नव्हतं.

मी नळ बंद केला. टाकी निम्मीच भरली होती. नळी तिथेच ठेवून मी घराकडे चालू लागलो. एक एक्याऐंशीची, एक पंच्याहत्तरची, मध्ये समुद्र. उत्तर काढायला भिंग लागत नव्हतं. माझी आजवरची सगळी अनुमानं चुकली आहेत, छत्र्यांपासून थांब्यांपर्यंत. हेही चुकू दे, असं मी त्या दिवशी मनापासून म्हणालो.