नानाजी खटके कोणाचे?

चौऱ्याहत्तरची दिवाळी. हातातला दिवाळी अंक वाचून दत्तोपंत भडकले होते. त्यातल्या कथेचा नायक सायकल लावली की तिच्या घंटीची वाटी काढून खिशात टाकायचा, आणि चारचौघांत बोलायचं झालं की ती किल्लीनं वाजवायचा. आता ही लकब दत्तोपंतांच्या नानाजी खटक्यांची! सात वर्षं ते नानाजींच्या गोष्टी लिहीत होते. आता कुठे एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार झाला होता, जन्मातलं पहिलं पुस्तक. त्यात ही चोरी.

त्यांची सायकल पंक्चर होती, म्हणून शेजारच्या रुपरावांच्या कॅरिअरवर बसून ते सदर भागात अरुंधती या वकीलबाईंकडे गेले. रुपरावांनी आयुष्यात एकही गोष्ट वाचली नव्हती, त्यामुळे त्यांना नेण्यात दत्तोपंतांना धोका वाटला नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. नुसत्या नावावर हक्क सांगता येत नाही, नानाजींसारखा तिरसट पेन्शनर ही कल्पनाही कुणाच्या मालकीची नसते, असं त्या म्हणाल्या. पण लेखकानं बारकाव्यांनिशी उभा केलेला माणूस दुसऱ्यानं उचलला, तर भांडता येतं. त्यांनी बारकावे विचारले.

"घंटी झालीच," दत्तोपंत म्हणाले. "शिवाय नानाजी कुठंही गेले की आधी पाणी पितात, अन् मग विचारतात..."

"बाई, पाणी उकळलेलं होतं काय?" रिकामा पेला ठेवत रुपराव म्हणाले.

बाईंचा पेन थांबला. दत्तोपंत पंख्याकडे पाहू लागले. रुपरावांनी खिशातून वाटी काढली, किल्लीनं वाजवली आणि तो दुसरा लेखक कोण, असं विचारलं. बाईंनी अंकातलं नाव वाचून दाखवलं.

"तो त माया साडू होय. दर आइतवारी मी त्याच्याच घरी जेवतो."

मग चोरी कसली? दोघांनी एकच माणूस आपापल्या डोळ्यांनी पाहिला, नक्कल कुणीच केली नाही, असं बाईंनी सांगितलं. पुस्तक खुशाल काढा, मात्र जिवंत माणूस इतका हुबेहूब उतरलाय, तर त्याची लेखी संमती घ्या. उगाच उद्या बदनामीचा दावा नको.

रुपराव रागावले नाहीत. त्यांना भलतंच कुतूहल वाटलं. पुस्तकाच्या शेवटी आपलं काय होतं, एवढंच त्यांनी विचारलं.

शेवटी नानाजी मरत होते. ते पान म्हणजे दत्तोपंतांचा जीव की प्राण. त्यांनी चाचरत सांगून टाकलं.

"साडूनं मले मारलं नाही," रुपराव म्हणाले. "तुम्ही काहून मारलं गा? मी सही नाही करत."

दत्तोपंतांनी जड मनानं ते पान फाडलं, तेव्हा कुठे सही मिळाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी दारात वाटी वाजते. रुपराव येतात, पाणी पितात. ते उकळलेलं होतं का, हे विचारायचं आता त्यांच्या लक्षातही राहत नाही. पेला ठेवून, दत्तोपंतांच्या नव्या पानांकडे पाहत ते एवढंच विचारतात, "आज मी कसा हाओ?"