न नेसायचं धोतर

सणसरच्या नामदेवतात्यांकडे दोन धोतरं होती. एक नेसायचं आणि एक न नेसायचं. न नेसायचं ते रोज सकाळी पांढरंशुभ्र धुऊन अंगणातल्या तारेवर पसरलेलं असे. संध्याकाळी तात्या कपाळावरचा चष्मा नाकावर आणत, धोतरावरून बोट फिरवत आणि बोटाला लागलेली काजळी जो पहिला सापडेल त्याच्या तोंडासमोर धरत.

"बघ. ही आज तुझ्या छातीत गेली. हवा काय तुझ्या बापाची हाय व्हय?"

ही काजळी पाचटाची. ऊस तुटून कारखान्याला गेला की रानात वाळल्या पानांचा थर उरतो, ते पाचट. त्याला काडी लावायची, ही आमच्याकडची रीत. रान झटक्यात मोकळं आणि उंदरांची भीती नाही. साखरेचा हंगाम सुरू झाला की गावावर काळी पिसं उडत. पापड वाळत घातले की तिळाचे होऊन परत यायचे.

तात्या एसटीत मेकॅनिक होते, निवृत्त होऊन शेती करत. त्यांच्या बायकोला, शेवंताकाकींना, दमा. हंगाम लागला की काकी माहेरी, लोणी भापकरला जात. तिकडं कोरडवाहू रान, ऊस नाही की धूर नाही. गाव म्हणायचं, "तात्याच्या तोंडाला कंटाळून गेली." तात्या म्हणायचे, "मंडळी हवापालटाला गेलीया," आणि स्वतःच्या करपलेल्या भाकरीशी भांडत बसायचे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बायकांच्या राखीव जागेवर मी नुकतीच पंचायतीत निवडून आले होते. पदराला पिन, पर्समध्ये कंगवा आणि डोक्यात भाषण. कारभारातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण टाळ्या कुठं पडतात ते पक्कं ठाऊक होतं. अशा थोर नेत्याकडे तात्या आले. गावातली प्रत्येक सून त्यांची सूनबाई.

"सूनबाई, पाचट जाळील त्याला दंड, असा ठराव आण. औंदा मंडळीला हंगामात घरी आणायचीया."

मी आणला. खड्या आवाजात वाचला. लोकांना तयारीला सवड मिळावी म्हणून, खास माझ्या अकलेनं, त्यात 'येत्या सोमवारपासून लागू' असं घातलं. लोकांनी तयारी केली. रविवारी, ज्याचा ज्याचा ऊस तुटला होता त्या प्रत्येकानं दंड लागायच्या आत पाचट पेटवून घेतलं. पहिली काडी आमच्या रानात, आमच्याच ह्यांनी लावली. मी ओरडले तर म्हणाले, "अगं, ठराव तूच केलास न्हवं? सोमवारपासनं कायदा पाळतोच की!"

आणि त्याच दुपारी, ठराव झालाय या भरवशावर, शेवंताकाकी एसटीतून उतरल्या. खोकल्यानं तिथंच वाकल्या. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. समोरून बारामतीची गाडी आली, तिच्यात तात्यांनीच त्यांना परत बसवून दिलं.

मला वाटलं, आता माझा उद्धार होणार. तात्या नुसते म्हणाले, "सूनबाई, दंड म्हटला की माणूस पळवाट हुडकतो. त्याला काय तरी द्याय पायजे."

"तात्या, पंचायतीकडं दिव्याच्या बल्बाला पैसा न्हाय. द्यायचं काय?"

"माझ्याकडं हाय की."

होतं ते कालव्याचं पाणी. आमच्याकडे माणूस एक वेळ मुलगी देईल, पण पाण्याची पाळी देणार नाही. तात्यांनी चावडीपुढं उभं राहून जाहीर केलं, जो पाचट न जाळता सरीत पसरून ठेवंल, त्याला माझ्या पाळीतलं पाणी. गावाला वाटलं, म्हातारा चळला.

"तात्या, तुमचा ऊस वाळंल की!"

"वाळू दे. ऊस काय खोकत न्हाय."

आमचा मागं राहिलेला फड तुटला, तसे पहिल्यांदा आमचे हे गेले. फुकटचं पाणी सोडतील तर ते आमचे हे कसले! मग शेजारचे, मग त्यांचे भाऊबंद. तात्यांचा ऊस मात्र कमरेएवढ्यावरच अडला, पानं पिवळी पडली. रोज बांधावर उभे राहून ते उसाची समजूत काढत. पण ऐन उन्हाळ्यात लोकांनी पाचटाखाली हात घातला तर माती ओली! बुडख्यातून फुटलेल्या नव्या उसाला पाणी कमी लागायला लागलं. एक दिवस आमच्या ह्यांनी आपली पाळी आपणहून तात्यांच्या रानात वळवली आणि घरी येऊन, चोरी केल्यासारखे, मान खाली घालून जेवले. पुढं शेतकी खात्याचे साहेब पाचट कुजवायची योजना समजवायला आले, तेव्हा गावच त्यांना समजवायला बसलं. मी भाषण पाठ करून गेले होते. कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुढच्या हंगामात, तोडणी जोरात असताना, शेवंताकाकी पुन्हा आल्या. काखेत पिशवी, तोंडावर पदर घट्ट. मी स्टँडवर होतेच. अशा जागी माझं काम निघतंच. तात्या पुढं झाले नाहीत. लांबूनच काकींकडे टक लावून उभे.

काकींनी पदर जरासा खाली केला. बेतानं श्वास घेतला. मग आणखी एक, पोटापर्यंत. खोकला आला नाही.

इकडे तात्यांचा चेहरा लालबुंद, गाल फुगलेले. मी घाबरले, म्हटलं, म्हाताऱ्याला काही झालं की काय! काकी शांतपणे चालत आल्या आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

"अवं, घेतला की म्या श्वास. आता तुमी बी तुमचा सोडा."