कृपया कार्ड टेकवा

"ते यंत्र या दारातून येणार नाही," मोजणीसाहेब म्हणाले आणि त्यांनी टेप सर्रकन डबीत जाऊ दिली.

मोजणीसाहेब म्हणजे ऑपरेटरबाईंचे यजमान. त्यांनी सारा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवला. हद्दीवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, पण साहेबांच्या आकड्यावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. तेव्हा त्यांनी 'येणार नाही' म्हटल्यावर विषय संपायला हवा होता. पण ऑपरेटरबाईंनी तितकाच जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला होता आणि 'लाइन मिळणार नाही' हे इतरांना सांगायची सवय त्यांना होती, ऐकून घ्यायची नव्हती.

"मग चौकट काढू," त्या म्हणाल्या.

"अगं, एका खेळण्यापायी घराची चौकट?"

"तुमचं नकाशांचं कपाट आलं तेव्हा खिडकी काढली होती. तेव्हा मी विचारलं होतं का?"

साहेबांनी टेप खिशात टाकली आणि बिस्किटांच्या डब्याकडे पाहिलं. त्या डब्याला कुलूप होतं. डॉक्टरांनी साहेबांचं गोड बंद केल्यापासून किल्ली बाईंच्या कमरेला असे, आणि डब्याकडे पाहणं एवढंच साहेबांच्या हाती उरलं होतं. त्यांनी नुसतं दार मोजलं होतं, यंत्र मोजलंच नव्हतं, ही गोष्ट रागाच्या भरात बाईंच्या ध्यानात आली नाही.

हे यंत्र चौकातल्या मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, खेळघरात होतं. बाई पहिल्यांदा तिथे गेल्या त्या नातीला सोडायला. नात मोटारींच्या खेळाकडे पळाली आणि बाई तिची पिशवी धरून कोपऱ्यात उभ्या राहिल्या. समोर एक मोठा फळा होता, फळ्यावर गोल बटणं, आणि एकेका बटणात दिवा लागून विझत होता. विझायच्या आत तो दाबायचा, एवढाच खेळ. बाईंनी पिशवी खाली ठेवली.

एक्स्चेंजमध्ये त्यांच्यापुढे असाच फळा असे. दिवा लागला की दोरीची पिन उचलायची, खाचेत घालायची, 'नंबर प्लीज' म्हणायचं, की लगेच पुढचा दिवा. आता लोक खिशातल्या खिशात जगभर बोलतात, पण त्या वेळी गावातल्या प्रत्येक बारशाची आणि प्रत्येक मयताची बातमी आधी बाईंच्या बोटांतून जात असे. पुढे स्वयंचलित यंत्रं आली, फळे भिंतीवरून उतरवले गेले, आणि बाईंचे हात कित्येक वर्षं भाजी निवडण्यापलीकडे कशाला लागले नाहीत. त्या संध्याकाळी खेळघरात ते आपोआप चालू लागले. नात दमून घरी चला म्हणू लागली तरी बाई हलेनात.

तिथे सगळा कारभार कार्डावर चाले. काउंटरवर पैसे भरले की एक कार्ड मिळे, ते यंत्राच्या कडेला टेकवलं की खेळ सुरू. कार्डावर खेळणाऱ्याचं नाव नसे, एका प्राण्याचं असे. बाईंच्या वाट्याला 'खारूताई' आलं. ऑपरेटरची सुपरवायझर होऊन निवृत्त झालेल्या माणसाला खारूताई म्हणणं बाईंना मुळीच रुचलं नाही, पण महिन्याभरात यंत्राच्या यादीत खारूताई दुसऱ्या नंबरावर जाऊन बसली, तेव्हा त्यांनी ते चालवून घेतलं.

पहिल्या नंबरावर 'गेंडा' होता.

बाई रोज संध्याकाळी जात, गेंड्याच्या जवळ पोचत, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावं तर गेंडा पुन्हा वर सरकलेला. हा कोण, असं त्यांनी काउंटरवरच्या टायवाल्या मॅनेजरला विचारलं. गिऱ्हाइकांची माहिती आम्ही देत नाही, असं तो म्हणाला. घरी आल्या की बाई जेवताना गेंड्याचा उद्धार करत. असेल कुणीतरी व्यायामशाळेत जाणारा, बापाच्या पैशांवर दिवसभर बटणं बडवणारा टोणगा.

"टोणगा कशाला म्हणतेस?" साहेब एकदा ताटावरची नजर न काढता म्हणाले होते. "ओळख ना पाळख."

साहेबांना त्या खेळात काडीचा रस नव्हता. ते आपले दुपारी वाचनालयात जात.

आणि मग खेळघर बंद होणार असल्याची पाटी लागली. जागेत फर्निचरचं दुकान येणार होतं. बाईंना घोर लागला तो खेळासाठी नव्हे, यादीसाठी. ती यादी यंत्राच्या पोटात होती, आणि आता ती कायमची 'गेंडा पहिला, खारूताई दुसरी' अशी राहणार होती. बाईंनी आयुष्यात दुसरा नंबर घेतला नव्हता. एक्स्चेंजमधल्या चढाओढीत त्यांना मिळालेलं घड्याळ अजून भिंतीवर चालत होतं. त्यांनी ठरवलं, यंत्र विकत घ्यायचं, घरी आणायचं आणि गेंड्याला निवांतपणे खाली ओढायचं.

"घरगुती वापरासाठी देत नाही, आजी," मॅनेजर म्हणाला.

"मी तुमची आजी नाही, गिऱ्हाईक आहे. का देत नाही?"

"कंपनीचा नियम आहे."

"बरं. माझ्याकडे नाही आलं तर ते जाणार कुठे?"

"भंगारात."

बाईंना हे काही पटेना. धडधाकट यंत्र मोडायला चालतं आणि घरात ठेवायला चालत नाही. त्यांच्या काळी शिलाई मशीन घेतलं तर दुकानदार स्वतः घरी येऊन टाके घालून दाखवी, आणि ते कुठे ठेवायचं, त्यावर काय शिवायचं, हे विचारायची त्याची छाती नव्हती. विकलेली वस्तू घेणाऱ्याची होत असे. हल्ली पैसे आपले जातात आणि वस्तू मात्र त्यांचीच राहते.

त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडून एका मुलीच्या गोड आवाजाने अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा असं सुरू केलं. बाईंनी सांगितलं तसं सगळं दाबलं आणि फिरून पहिल्या जागी आल्या. ती मुलगी माणूस नसून नुसता आवाज आहे हे कळल्यावर मात्र त्यांचा पारा चढला. गिऱ्हाइकाला असं ताटकळत ठेवलं म्हणून त्यांनी स्वतः एका नव्या ऑपरेटरला रडेपर्यंत झापलं होतं. आता झापायलासुद्धा समोर कुणी नव्हतं.

शेवटच्या दिवशी कार्डं जमा करायची होती. बाई नियमाच्या पक्क्या, त्या रांगेत पहिल्या उभ्या राहिल्या. मॅनेजरने त्यांच्यासमोर कात्रीने खारूताईचे दोन तुकडे केले. बाई तिथून सरळ खाली उतरल्या आणि मागच्या फाटकाशी जाऊन थांबल्या. भंगारवाल्याचा टेम्पो बाहेर पडला तसा त्यांनी हात आडवा केला. तो बिचारा खाली उतरला. त्याने काय पाहिजे ते विचारलं, डोकं खाजवलं, पैसे घेतले, आणि घरगुती वापर की कसला वापर असा एकही प्रश्न न विचारता यंत्र त्यांच्या दारात आणून टाकलं.

सुतार आधीच येऊन बसला होता. त्याने चौकट उखडली. भिंतीचा गिलावा पडला, बैठकीत धूळ झाली, आणि यंत्र आत गेलं. दोन्ही बाजूंना हात सहज फिरेल एवढी जागा उरली होती.

"चौकट असती तरी गेलं असतं, बाई," सुतार उखडलेल्या लाकडाकडे बघत म्हणाला.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब पंख्याकडे बघत होते. वय झालं यांचं, असं बाईंच्या मनात आलं आणि क्षणभर त्यांना नवऱ्याची कीव आली.

वायरमनने जोडणी केली. बटण दाबताच सगळे दिवे एकदम लागले, यादी झळकली, गेंडा पहिला, खारूताई दुसरी. बाई पदर खोचून पुढे झाल्या. तेवढ्यात यादी गेली आणि पडद्यावर अक्षरं आली: कृपया कार्ड टेकवा.

बाईंनी आधी बँकेचं कार्ड टेकवलं. मग मतदानाचं, मग दवाखान्याचं. शेवटी ट्रंकेतून एक्स्चेंजचा जुना पास काढला, ज्यावर त्यांचे केस अजून काळे होते. कृपया कार्ड टेकवा. वायरमन म्हणाला, याला त्या खेळघराचंच कार्ड लागणार.

"पण यंत्र माझं आहे," बाई म्हणाल्या.

"तुमचंच आहे. पण त्याला ते कुठे माहीत आहे?"

"मग हा कार्डाचा भाग काढून टाका."

"काढतो. पण आतलं सगळं पुसलं जाईल. ती यादी जाईल."

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी मॅनेजरला फोन केला, तर त्याने सगळी कार्डं कापून टाकल्याचं अभिमानाने सांगितलं. इतका वेळ आवरून धरलेला बाईंचा राग मग बाहेर पडला. माझ्या घरात, माझ्या विजेवर चालणारं यंत्र मलाच ओळख विचारतं. उद्या तवा म्हणेल, आधी कार्ड दाखवा, मग तापतो. जे नियम पाळतात त्यांची कार्डं कापतात, आणि तो टोणगा मात्र जन्मभर पहिला राहणार. वायरमनने आपली हत्यारं गोळा केली आणि तो निघून गेला.

मग साहेबांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, त्याच्या अस्तराखाली दोन बोटं घातली, आणि एक कार्ड काढून यंत्राच्या कडेला टेकवलं.

टुंग असा आवाज झाला.

"या, गेंडा," यंत्र म्हणालं.

बाई खुर्चीतून उठल्या.

"वाचनालय?" त्या म्हणाल्या.

"त्याच रस्त्यावर आहे. येताना एक पुस्तक आणायचो."

"आणि दाराचं माप?"

"माप बरोबर घेतलं होतं. सांगितलं चुकीचं." साहेबांनी चष्मा पुसला. "तू रोज एवढी चिडून यायचीस, चार-चार पोळ्या जेवायचीस. नोकरी सुटल्यापासून तुला एवढं जोरात बोलताना ऐकलं नव्हतं. म्हटलं, गेंडा राहू दे."

"तुमचे हात तर चहाचा कप धरताना हलतात."

"हातांचं काम नाही ते. दिवे ठरलेल्या क्रमाने लागतात. मी नकाशा काढला."

नकाशा काढून खेळणं म्हणजे लबाडी, असं बाईंनी बजावलं. नियमात तसं कुठे लिहिलेलं नाही, असं साहेब म्हणाले. मग बाईंनी कार्डासाठी हात पुढे केला. साहेबांनी ते दिलं नाही. त्यांनी बाईंच्या कमरेकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"कार्डाबद्दल काही नाही सांगितलं."

किल्ली इकडे आली, कार्ड तिकडे गेलं. बाईंनी बांगड्या मागे सारल्या. दिवे लागू लागले आणि त्यांचे हात असे फिरले, की जणू गावात एकाच वेळी सगळीकडे बारसं निघालं होतं आणि प्रत्येकाला लाइन हवी होती. एकही दिवा त्यांच्या हातून सुटला नाही. यंत्र थांबलं तेव्हा बाईंना धाप लागली होती. यादी पुन्हा झळकली. जुना उच्चांक मोडला होता. सगळ्यांत वर, नव्या आकड्यापुढे, मोठ्या अक्षरांत नाव आलं.

"अभिनंदन, गेंडा," यंत्र म्हणालं.

त्याच्या खाली पुन्हा गेंडा होता, जुना. खारूताई घसरून तिसरी झाली होती.

बाईंनी सावकाश मान वळवली. मोजणीसाहेब डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि दुसरं बिस्किट चहात बुडवत होते.

"हात चांगला आहे हं टोणग्याचा," ते म्हणाले.