डावीकडे वळलेली मान

"मी डॉक्टर बाळ टिपणीस. पेशंट दारातून आत यायच्या आधी मला त्याचं गाव, आजार आणि सकाळचा नाश्ता कळतो," असं आमच्या बाळने चांगुणाबाईंना सांगितलं, तेव्हा त्या आत येऊन दहा मिनिटं झाली होती.

त्यांच्या मुलीची, अंजनाची मान डावीकडे वळून तशीच अडकली होती. जबडा आवळलेला, डोळे वर लागलेले. सोमवारी तिची टायपिंगची परीक्षा होती.

"काल उलट्या होत होत्या. इथूनच गोळ्या नेल्या. उलटी थांबली आणि हे झालं," चांगुणाबाई म्हणाल्या.

उलटीकडे बाळने लक्ष दिलं नाही. किरकोळ पुराव्यात तो वेळ घालवत नसे. १९९१ साली कॅम्प चार या सिंधी वसाहतीतल्या त्या दवाखान्यात आम्ही दोघं इंटर्न होतो. तो तपास करायचा आणि मी, कुंदा, पेशंट बघायचे.

"टाइप करताना मशीनचा रूळ डावीकडे सरकतो," बाळ म्हणाला. "मान रुळाबरोबर गेली."

"आठवडाभर क्लास बंद आहे," चांगुणाबाई म्हणाल्या.

"मग डावीकडे शेजारी कोण?"

"सिंधी शेठचा पापडांचा कारखाना."

"मसाल्याचा उग्र वास. मेंदूवर परिणाम."

"वास चांगला येतो," अंजना दातांतून म्हणाली.

बाळ गंभीर झाला. "मग एकच उरतं. धनुर्वात. मुंबईला हलवावं लागेल."

चांगुणाबाईंनी अंजनाचा हात घट्ट धरला. त्यांचा धाकटा भाऊ धनुर्वातानेच गेला होता. मी ॲम्ब्युलन्ससाठी फोन उचलला.

तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या आमच्या आया, बदलापूर गावच्या गयाबाई, अंजनाजवळ येऊन वाकल्या. "उलटीच्या गोलीनं होतंय असं. उताऱ्याचं इंजेक्शन खालच्या खणान हाय."

बाळचा चेहरा उतरला. "हे आपल्याला परीक्षेला होतं," तो माझ्या कानात म्हणाला. "मी ऑप्शनला टाकलं होतं."

इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात अंजनाने मान सरळ केली आणि पाणी मागितलं. चांगुणाबाई तिच्या मानेवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या.

मग दवाखान्याचे मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी फॉर्मचा एक गठ्ठा आमच्यापुढे ठेवला. औषधाने त्रास झाला की भरायचा फॉर्म. गठ्ठ्याची सुतळी अजून सुटली नव्हती. त्यात औषध कोणी लिहून दिलं, हेही भरायचं होतं. आम्ही अंजनाचा केसपेपर काढला. अक्षर कुणालाच लागेना, म्हणजे ते बाळचंच.

"नाव घातलं तर माझं इंटर्नशिपचं सर्टिफिकेट अडकेल का गं?"

"गुन्हेगार सापडलाय," मी पोट धरून हसत म्हणाले. "आता कबुलीजबाब लिही."

त्याने बराच वेळ पेन चावलं आणि मग नाव लिहिलं, तेही चांगलं सुवाच्य.

"एकच?" गयाबाईंनी विचारलं. "दोन महिन्यांत पाच माना वलल्या. त्या बाकीच्यांना मोठ्या डॉक्टरांनी रात्रीचं इंजेक्शन दिलं."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"कोनी इचारलं नाय. तीन यांच्या गोल्या, दोन या डॉक्टरबाईंच्या."

माझं हसू थांबलं. बाळने दोन फॉर्म माझ्यापुढे सरकवले आणि पेनचं टोपण स्वतः काढून दिलं.