अंगठा उमटेना

नोंदणी कार्यालयातल्या मशीननं मिस्त्रींना ओळखायला साफ नकार दिला.

मिस्त्रींनी उजवा अंगठा ठेवला, डावा ठेवला. दाबून ठेवला, अलगद ठेवला. टेबलामागच्या बाईंनी ओल्या फडक्यानं पुसायला लावला, मग कोरड्या. साक्षीदार म्हणून दुकान बंद करून आलेल्या शेजारच्या शिंपीबुवांनी सुचवलं, "डोक्याला घासा. तेलानं उमटतो म्हणतात." मिस्त्रींनी निमूटपणे टकलावर अंगठा घासला. पडद्यावर एक करडा डाग आला, गिलावा केल्यासारखा गुळगुळीत.

"आजोबा, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत," बाई म्हणाल्या.

"होत्या. उभा जन्म सिमेंट कालवलं, त्यात गेल्या."

"जे घर सुनेला द्यायचं, त्याच्याच भिंतीत असतील त्या," शिंपीबुवा म्हणाले. "थोडी भिंत खरवडून आणू का?"

कोणी हसलं नाही. ते घर मिस्त्रींनी सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्यांची घरं बांधून झाल्यावर, स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. बायको त्यात थोडीच वर्षं राहिली. एकुलता एक मुलगा गेल्या वर्षी आजारपणात गेला. आता त्या घरात सासरा आणि सून एवढीच दोन माणसं उरली होती, आणि दोघंही शक्य तितकी घराबाहेर असत. सून दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती. ती दोन दोन पाळ्या करायची. मिस्त्रींनी वर्षभरात कुंपणाची भिंत दोनदा पाडून दोनदा बांधली होती.

मग एकदा जेवताना ते म्हणाले होते, "घर तुझ्या नावावर करून टाकतो, पोरी. मग मी माझ्या बहिणीकडे, अक्काकडे जाऊन राहीन. तुझं वय आहे अजून. उद्या कोणी चांगला माणूस भेटला, तर दारात सासरा बसलेला बरा दिसत नाही."

सून "बरं" म्हणाली आणि ताटं उचलून घासायला गेली. तिनं ती फार वेळ घासली.

"निदान घर घेणाऱ्याचा अंगठा तरी घेऊ," बाई आता म्हणाल्या. सुनेनं अंगठा ठेवला. पडद्यावर दुसरा करडा डाग आला.

"सोड्याच्या पाण्यात हात असतात माझे," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून दोघांकडे पाहिलं. "अहो, तुम्ही दोघं हातांना कधी विसावा देता की नाही? आठवडाभर मलम लावा. पाणी नको, काम नको, कशाला हात लावायचा नाही. पुढच्या आठवड्यात या."

हातांवर मलम चोपडून, वर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून, मनगटाला रबर लावून सासरा-सून घरात बसली. आणि घरानं त्यांच्याशी असहकार पुकारला. कडी निघेना. भांड्याचं झाकण उघडेना. मिस्त्रींनी दिव्याचं बटण नाकानं दाबायची युक्ती काढली, पण त्या बटणाच्या शेजारीच पंख्याचं बटण होतं आणि मिस्त्रींचं नाक काही लहान नव्हतं. दिवा हवा असला की पंखाही लागायचा. मग दोघं गारठून, पण उजेडात बसायची. शिंप्याची बायको डबा आणून द्यायची आणि पिशवीत चमचा धरून जेवणारी ती दोघं बघून तोंडाला पदर लावून परत जायची.

पण सगळ्यात मोठी पंचाईत वेगळीच झाली. हातांना काम नाही म्हटल्यावर बोलणं आलं. वर्षभर दोघांनी जे नाव तोंडातून काढलं नव्हतं, ते आता घरभर त्यांच्या मागे फिरू लागलं.

शेवटी सूनच म्हणाली, "स्वयंपाकघर ह्यांनी बांधलं ना? मला लग्नाआधी तसं सांगितलं होतं."

मिस्त्रींनी मान वर केली. "कोणी? त्यानं? अगं, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याचे पाय लटपटायचे. गवंड्याचा पोरगा, आणि उंचीला भ्यायचा. खाली बसून विटांच्या दोन ओळी लावल्या त्यानं. त्याही वाकड्या. मी वरून गिलावा मारला, बाहेर कुणाला कळायला नको म्हणून."

"कुठल्या ओळी?"

मिस्त्री उठले. ओट्याखाली वाकून त्यांनी पिशवीतला हात भिंतीवर ठेवला. सूनही वाकली. तिनंही हात ठेवला. गिलाव्याखाली भिंत किंचित फुगलेली होती.

"मला म्हणाले होते, अख्खी खोली मी बांधली," ती म्हणाली आणि हसायला लागली. मिस्त्रीही हसले. हसता हसता दोघांचे चेहरे कधी बदलले ते दोघांनाही कळलं नाही. प्लास्टिकनं डोळे पुसता येत नाहीत, पाणी नुसतं पसरतं. म्हणून दोघांनी आपापल्या खांद्यावर तोंड पुसलं आणि बराच वेळ तिथंच जमिनीवर बसून राहिली.

त्यानंतर बोलणं थांबलंच नाही. आठवडा संपत आला तशा बोटांवर बारीक रेषा दिसू लागल्या. शिंपीबुवांनी भिंग लावून पाहिलं आणि निर्वाळा दिला, "उद्या उमटणार."

"बरं झालं," मिस्त्री म्हणाले.

"बरं झालं," सून म्हणाली. अक्काकडे न्यायची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

सकाळी उजाडताच मिस्त्री बाहेर आले. दाराची पायरी कैक वर्षं फुटलेली होती. फुटकी पायरी सुनेच्या गळ्यात मारून जाणं बरं नव्हे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. थापी पुढ्यातच पडली होती, पण त्यांनी सिमेंट उघड्या हातांनी कालवलं, आणि पायरी तळहातानंच घोटली. चांगली सावकाश घोटली.

कार्यालयात बाईंनी त्यांचा अंगठा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "काय केलंत हे?"

"पायरी," मिस्त्री खालमानेनं म्हणाले.

"बरं, तुमचा दाखवा," बाई सुनेकडे वळल्या. सुनेनं पदराखालून हात काढले. ते लालबुंद होऊन सुरकुतले होते.

"घरातल्या गोधड्या धुतल्या," ती म्हणाली. "सगळ्या. सोडा घालून."

"कधी?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुम्ही पुढच्या दारी होता तेव्हा. मागच्या दारी."

दोघंही समोरच्या भिंतीकडे बघू लागली. मिस्त्रींच्या मनात काय आलं ते त्यांनाच ठाऊक, पण त्यांचे खांदे एकदम सैल पडले.

"म्हणजे पुन्हा आठवडाभर?" त्यांनी विचारलं. आवाजात दुःख आणायचा त्यांनी प्रयत्न केला.

"मी दुसऱ्यांदा दुकान बंद केलंय," शिंपीबुवा म्हणाले.

"छे, आता काही अडत नाही," बाई उत्साहानं म्हणाल्या. "कालच नवं मशीन आलंय. डोळ्यांवरून ओळखतं."

सुनेचं लगेच झालं. मिस्त्री त्या चौकोनी भिंगापुढे बसले. मशीन थोडं थांबलं आणि कुरकुरलं.

"आजोबा, डोळ्यांत पाणी आहे. पुसा."

"मोतीबिंदूचं असेल."

"मोतीबिंदूला पाणी येत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी फडकं पुढे केलं. पाणी दोनदा पुसावं लागलं. मग मशीननं मिस्त्रींना ओळखलं, आणि घर सुनेचं झालं.

शिंपीबुवा दुकान उघडायला पुढे गेले. सासरा-सून मागून चालत राहिली. बऱ्याच अंतरानं मिस्त्री म्हणाले, "दुपारची गाडी आहे. अक्का वाट बघेल."

"पायरीला पाणी कोण मारणार?"

"तू मार. सकाळ-संध्याकाळ. आठवडाभर."

"माझ्या हातांची सालं निघालीत. मला नाही जमायचं."

मिस्त्रींनी विचार केला. "बरं. मग आठवड्यानं जातो."

"त्यानंतर गच्चीचं काम आहे. गच्ची गळते."

मिस्त्री रस्त्यातच उभे राहिले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना कशाचा तरी खराखुरा राग आला होता.

"मी बांधलेली गच्ची गळत नाही."

"घर कोणाचं आहे आता?" सुनेनं विचारलं, आणि त्यांच्यासाठी न थांबता चालू लागली. "माझं. मी म्हणते गळते."